तुटलेल्या गावाची खबर

30 जुलै 2014च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. 151 माणसं गेली. ही खबर बाहेर आली ती एसटीमुळे. रोजच्या फेरीवर आलेल्या चालकाला गावाच्या जागी चिखलाचा ढिगारा दिसला आणि त्याने प्रशासनाला कळवलं. डोंगर गावावर आल्याचं जिल्ह्याला समजलं ते एका माणसाने डोळ्यांनी पाहिलं म्हणून, आणि त्याने पाहिलं ते त्या रस्त्यावर सकाळची गाडी होती म्हणून.

आंबेगावला लागूनच जुन्नर तालुका आहे. तिथे नारायणगावजवळ आर्वीला 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भारताचं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलं गेलं. परदेशाशी उपग्रहामार्फत बोलण्याची देशाची सोय पुणे जिल्ह्याच्या या डोंगराळ मुलखातून झाली. त्यानंतर चाळीस वर्षांनी शेजारच्या तालुक्यातलं एक गाव नाहीसं झालं, आणि ते सांगायला गावाकडे काहीही साधन नव्हतं.

एखादं तंत्र देशात येतं तेव्हा ते गावाच्या हातात आलेलं असतंच असं नाही. हे पुस्तक त्या उरलेल्या वाटेबद्दल आहे. उपग्रह कसा चालतो हे त्यात सांगितलं आहेच. पण ते लिहिलं आहे तलाठी, पोलीस पाटील, तहसील कचेरीतला रात्रपाळीचा कर्मचारी, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेली मुलं-मुली आणि सह्याद्रीत हाकेसरशी धावून जाणारी गिर्यारोहकांची पथकं यांच्यासाठी. अवकाश संशोधनाच्या पराक्रमांवर मराठीत पुष्कळ लिहिलं जातं. पूर आला, वीज गेली, मोबाइल मुका झाला, आता निरोप कसा द्यायचा, या बाजूने उपग्रहाकडे पाहणारं लेखन मात्र फार थोडं आहे.

मोबाइल बिनतारी असतो ही समजूत निम्मीच खरी. हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंतचा टप्पा तेवढा बिनतारी. तिथून पुढे आवाज जातो तो बहुतेक ठिकाणी रस्त्याकडेच्या चरात पुरलेल्या फायबर केबलमधून. घाटात दरड आली किंवा पूल वाहून गेला की रस्त्याबरोबर केबलही जाते. टॉवर शाबूत राहिला तरी त्याला वीज हवी. वीज गेली की बॅटरी काही तास ओढते, मग जनरेटर सुरू होतो, आणि जनरेटरला डिझेल लागतं. ते घेऊन येणारी गाडी त्याच बंद रस्त्याच्या पलीकडे अडकलेली असते. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेले, आणि छपरावर चढून बसलेल्या माणसांची खुशाली मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना कळेना. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020ला, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. विजेचे खांब आडवे झाले, आणि रायगडातल्या कित्येक गावांचे फोन अनेक दिवस लागत नव्हते. जिथे टॉवर चालू राहतो तिथे गर्दी घात करते. सगळे एकाच वेळी फोन लावतात, आणि खरोखर अडकलेल्या माणसाचाही लागत नाही.

यातला सर्वांत घातक भाग असा, की मुकं झालेलं गाव बाहेरून सुखरूप वाटतं. 26 जानेवारी 2001च्या भूकंपात भुजची दूरध्वनी यंत्रणा कोलमडली. देशाने सुरुवातीला पाहिलं ते अहमदाबादच्या पडलेल्या इमारतींकडे, कारण तिथून बोलता येत होतं. कच्छमध्ये काय झालं आहे हे उमगायला वेळ गेला, आणि ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी तोच वेळ मोलाचा असतो. म्हणून मला वाटतं, नियंत्रण कक्षात बसलेल्याने फोन कुठून आले हे जसं लिहून ठेवावं तसं कुठून एकही आला नाही हेही नकाशावर पाहावं. शेजारच्या पाच गावांतून तक्रारींचा पाऊस आणि मधल्या एका वाडीतून चकार शब्द नाही, असं दिसलं की पहिली गाडी त्या वाडीकडे निघाली पाहिजे.

अशा वेळी जमिनीवर काहीही मोडलं तरी न तुटणारा दुवा हवा, आणि तो वरूनच मिळू शकतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी मिळतो. चिपळूणच्या अंगणातून निघालेला निरोप त्याच्यापर्यंत जाऊन थेट दूरच्या भूकेंद्रात उतरतो. मधला कुंभार्ली घाट, मधला पूल, मधलं एक्स्चेंज यांच्याशी त्याचा संबंधच येत नाही. अंतर मोठं असल्यामुळे समोरच्याचं उत्तर यायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, आणि सवय नसलेली माणसं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात. एकाने बोलून ‘ओव्हर’ म्हणायचं आणि थांबायचं ही पोलीस वायरलेसची शिस्त इथे फार उपयोगी पडते.

महाराष्ट्राला भूगोलाने यात एक गोष्ट अनुकूल दिली आहे. आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही. त्यामुळे 74 किंवा 83 अंश पूर्व रेखांशावरचे भारतीय उपग्रह आपल्याला आकाशात चांगले उंच, साठ अंशांच्या वर, दक्षिणेच्या अंगाला सापडतात. अलास्कात किंवा उत्तर नॉर्वेत असे उपग्रह क्षितिजाला टेकलेले असतात आणि एखाद्या टेकडीआडही जातात. सह्याद्रीच्या खोल दरीत मात्र दक्षिणेकडचं आकाश थोडं मोकळं मिळालं तरी काम होतं. मोबाइलचा टॉवर ज्या वाडीला कधीच दिसणार नाही तिला उपग्रह दिसतो.

अडचण आहे ती पावसाची, आणि यंत्र विकत घेताना याच मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. एटीएमच्या छपरावर दिसणाऱ्या छोट्या डिश बहुधा केयू बँडवर, म्हणजे 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर चालतात. कोकणातल्या मुसळधार पावसात पाण्याचे थेंब या लहरी शोषून घेतात आणि विखरून टाकतात. दुवा मंदावतो तो नेमका पूर चढत असताना. एल आणि एस बँडच्या, ढोबळमानाने 1 ते 4 गिगाहर्ट्झच्या लहरींना पाऊस जवळपास अडवत नाही. त्यांचा वेग कमी, पण आवाज आणि दोन ओळींचा मजकूर त्यांवरून खात्रीने जातो. दरडीच्या रात्री दोन ओळी पुरतात. कुठे झालं, माणसं किती, रस्ता कुठवर चालू आहे. जिल्हा मुख्यालयात व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी मोठी डिश जरूर असावी. पण घाटमाथ्यावरच्या आणि नदीकाठच्या गावांसाठी पावसाला न घाबरणारं, कमी वेगाचं, हातात मावणारं यंत्रच आधी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सॅटेलाइट फोन कधी हाताळला नसेल तर तो साध्या मोबाइलसारखाच चालेल असं वाटतं. छपराखाली तो चालत नाही. अंगणात किंवा गच्चीवर यावं लागतं. जाड अँटेना उघडून उपग्रहाच्या दिशेला धरावी लागते. फोनला आधी जीपीएसवरून स्वतःची जागा कळावी लागते, मग तो नेटवर्कवर नोंद करतो, आणि यात काही मिनिटं जातात. तेवढ्यात कुणी तो खिशात टाकला, कानाशी धरताना अँटेना आडवी झाली, आंब्याच्या दाट झाडाखाली आसरा घेतला, की पुन्हा पहिल्यापासून. अंधारात, भर पावसात, घाबरलेल्या माणसांच्या गराड्यात हे सगळं पहिल्यांदाच करून पाहायची वेळ कुणावर येऊ नये. मे महिन्यात शाळेच्या मैदानावर हाताला वळण लागलेलं असलं तर जुलैच्या रात्री हात अडत नाही.

भारतात आपत्तीसाठी उपग्रह मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरला गेला तो भोंगा वाजवण्यासाठी. 19 नोव्हेंबर 1977ला आंध्रात, कृष्णेच्या मुखाशी असलेल्या दिवीसीमा भागावर चक्रीवादळाची लाट चढली आणि किमान 10,000 माणसं बुडाली. 1983च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर शटलमधून इन्सॅट-1बी अवकाशात गेला. दूरचित्रवाणी, दूरध्वनी आणि हवामान या कामांबरोबर त्याच्याकडे आणखी एक काम सोपवलं होतं. किनाऱ्यावरच्या गावांत एस बँडचे रिसीव्हर बसवले गेले. हवामान खात्याच्या केंद्रातून संदेश निघायचा, त्यात धोक्यातल्या भागाचा सांकेतिक क्रमांक असायचा, आणि तेवढ्याच गावांतली यंत्रं जागी व्हायची. आधी भोंगा, मग लोकांच्या भाषेत बोललेला इशारा. तेलुगू गावात तेलुगू, तमिळ गावात तमिळ. मध्ये टेलिफोनची तार नाही, निरोप पुढे द्यायला विसरणारं कुणी नाही. मे 1990मध्ये आंध्रच्या त्याच किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आलं तेव्हा लाखाहून अधिक लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांची संख्या हजाराच्या आत राहिली. हजार माणसं म्हणजे थोडी नव्हेत. सगळं श्रेय भोंग्याला देणंही योग्य होणार नाही, कारण निवारे, रस्ते आणि घरोघरी फिरलेले कर्मचारी हेही त्या तेरा वर्षांत तयार झाले होते. तरी वाऱ्याने तारा तोडल्यावरही गावाला ऐकू येणारा आवाज हाताशी होता, हा फरक फार मोठा आहे. पुढे अशी अडीचशेच्या आसपास यंत्रं पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावर बसली.

ओडिशाने हाच धडा जास्त किंमत देऊन घेतला. 29 ऑक्टोबर 1999च्या महाचक्रीवादळात राजधानी भुवनेश्वरचाच बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. सुमारे 10,000 माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर 120हून अधिक ठिकाणी एकाच कक्षातून वाजवता येणारे भोंगे उभे केले, सॅटेलाइट फोन दिले, निवारे बांधले, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सराव चालू ठेवला. 3 मे 2019ला फणी चक्रीवादळ पुरीजवळ आलं तेव्हा 12 लाखांच्या आसपास लोक आदल्या दोन दिवसांत सुरक्षित जागी गेले होते. त्या वादळात ओडिशातले मृत्यू 64 होते.

आता समुद्राकडे वळू. कोकणातल्या बंदरांत अजून धोक्याचा बावटा लागतो, आणि किनाऱ्यालगतच्या होड्यांसाठी ती जुनी, खात्रीची खूण आहे. पण आठ-दहा दिवसांसाठी खोल समुद्रात गेलेल्या तांडेलाला बावटा दिसत नाही. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. व्हीएचएफ संच त्याहून पुढे पोहोचतो, पण तोही खोल समुद्रात अपुरा पडतो. 2017च्या नोव्हेंबरअखेर ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळ फार वेगाने तयार झालं तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार या हद्दीच्या पलीकडे होते. इशारा काढला गेला, पण तो ऐकायला त्यांच्याकडे काही नव्हतं. बरेच जण परत आले नाहीत. 60हून अधिक बोटी, 900हून अधिक मच्छीमार घेऊन, वादळापुढे पळत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या.

इस्रोने मच्छीमारांसाठी संकटसूचक यंत्र 2010पासून दिलेलं होतं. बटण दाबलं की बोटीची ओळख आणि ठिकाण उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्रात, आणि तिथून तटरक्षक दलाकडे. अशी 20,000च्या आसपास यंत्रं वाटली गेली. त्यात एक उणीव होती आणि ती बुडत्या बोटीवर बसल्याशिवाय पूर्ण कळणार नाही. बटण दाबणाऱ्याला आपली हाक पोहोचली की नाही हेच समजत नसे. जानेवारी 2024मध्ये इस्रोने या यंत्राची दुसरी पिढी आणली, आणि तिच्यात किनाऱ्याकडून पोच येते. हाक ऐकली गेली आहे, मदत निघते आहे. या एका ओळीमुळे माणूस बोट सोडून पाण्यात उडी मारत नाही, गोडं पाणी जपून वापरतो, सोबत्यांना धीर देतो. हेच यंत्र किनाऱ्याकडून वादळाचा इशाराही घेतं. 30 ऑगस्ट 2024ला पालघरमधून मच्छीमार बोटींवर दुतर्फा संदेशाचे 1 लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. ते किती बसले यापेक्षा बोटीवरच्या खलाशांपैकी किती जणांना ते वापरता येतात, हे प्रत्येक बंदरात विचारलं गेलं पाहिजे.

जगभराच्या विमानांसाठी आणि जहाजांसाठी अशी व्यवस्था आधीपासून आहे. 1972मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या दोन सदस्यांना घेऊन निघालेलं एक लहान विमान अलास्कात नाहीसं झालं. 39 दिवस शोधूनही ते मिळालं नाही. 1979मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उपग्रहांवरून संकटाच्या हाका ऐकण्याचा करार केला. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे झालं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. त्यातून कोस्पास-सारसॅट ही व्यवस्था उभी राहिली. हाक देणारं यंत्र 406 मेगाहर्ट्झवर दर 50 सेकंदांच्या आसपास अर्धा सेकंद बोलतं, म्हणजे बॅटरी टिकते. जवळ येताना आणि लांब जाताना रेल्वेच्या शिट्टीचा सूर बदलतो, तशी वरून जाणाऱ्या उपग्रहाला या संदेशाची कंप्रता बदललेली मिळते, आणि त्या बदलावरून ठिकाण काढता येतं. 1982च्या सप्टेंबरमध्ये कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानातले तिघे या मार्गाने पहिल्यांदा वाचले. भारतात बंगळुरू आणि लखनौच्या केंद्रांतून या हाका ऐकल्या जातात.

आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी वाचले तेही अशाच यंत्रांमुळे. एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत, सप्टेंबर 2018मध्ये, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला. ही होडी गोव्यात बांधलेली. ते पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर होते आणि चालताही येत नव्हतं. संकटसूचक यंत्र आणि मजकूर पाठवणारा एक छोटा उपग्रह संच, एवढ्या दोन गोष्टींनी त्यांचं ठिकाण आणि अवस्था किनाऱ्याला कळवली. नौदलाच्या विमानाने होडी शोधली आणि 24 सप्टेंबरला एका फ्रेंच नौकेने त्यांना उचललं.

एक अवघड बाब टाळून चालणार नाही. 26 नोव्हेंबर 2008ला मुंबईवर चालून आलेल्या दहशतवाद्यांकडे सॅटेलाइट फोन होता. आपल्याकडे परवान्याशिवाय असा फोन बाळगणं गुन्हाच आहे. थुराया आणि इरिडियमला मनाई आहे, आणि रीतसर परवानगी मिळते ती बीएसएनएलमार्फत चालणाऱ्या इनमारसॅट सेवेची. हा कडकपणा रास्त आहे. पण 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा काय घडलं तेही आठवावं. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पावसात, अंधारात तासाहून अधिक चढण होती, आणि चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने जीव गेला. अशा ठिकाणी सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांत स्थानिक गिर्यारोहक असतात. वर काय आहे, किती माणसं लागतील, दोर आणावेत की कुदळी, हे पायथ्याला तत्काळ सांगता आलं तर पुढची फेरी वाया जात नाही. जिल्हा प्रशासनाकडे नोंद असलेल्या बचाव पथकांना, पावसाळ्यापुरतं का होईना, प्रशासनाच्या परवान्याखालचं एखादं यंत्र मिळावं. ते कुणाच्या ताब्यात आहे, कधी वापरलं, याची नोंद पोलीस ठाण्यात राहू शकते. सुरक्षेला धक्का न लावता हे करता येण्यासारखं आहे आणि ते लवकर व्हावं.

कमी उंचीवरून फिरणाऱ्या हजारो उपग्रहांच्या नव्या सेवा, 2025मध्ये भारतात परवाना मिळालेली स्टारलिंक, थेट उपग्रहाशी बोलणारे मोबाइल, यांवर पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत. इथे एवढंच सांगते, की वेगवान डिशला वीजही तशीच लागते. आठवडाभर वीज येणार नाही असं धरून सौर पॅनल आणि बॅटरीचा हिशेब आधी करायचा, डिशची ऑर्डर नंतर द्यायची.

सगळं असूनही हाक अडते ती साध्या कारणांनी. फोनच्या सिमची मुदत संपलेली असते. कपाटात पडून बॅटरी फुगलेली असते. किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर. ज्यांनी प्रशिक्षण घेतलं त्यांची बदली झालेली, आणि नव्यांच्या हाती फक्त यंत्राची पेटी आलेली. शेजारच्या तहसीलच्या सॅटेलाइट फोनचा नंबर कागदावर कुठेच नाही, कारण सगळे नंबर मोबाइलमध्ये. दर मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते आणि ‘उपकरणे उपलब्ध’ असा शेरा पडतो. तो शेरा प्रत्यक्ष लागलेल्या फोनवर आधारलेला असावा. कुणी, कुठून, किती वाजता लावला आणि पलीकडे कुणी उचलला, एवढं त्याच्यापुढे लिहिलेलं असावं.

शेवटच्या प्रकरणात दिलेली रंगीत तालीम याचसाठी आहे. तालुक्यातली सर्वांत दूरची वाडी निवडायची, दोन तास सहभागी सगळ्यांचे मोबाइल बंद ठेवायचे, आणि वाडीतून निघालेला निरोप जिल्हा नियंत्रण कक्षात जाऊन त्याची पोच परत वाडीत आली पाहिजे. वाडीच्या बाजूने यंत्र पोलीस पाटलांनी किंवा आशाताईंनी हाताळावं. इंजिनिअरने नुसतं पाहावं. तालीम मेच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या, म्हणजे बॅटरी मागवायला, सिमचं नूतनीकरण करून घ्यायला आणि अडलेल्या जागी पुन्हा एकदा करून पाहायला पाऊस सुरू होण्याआधी तीन आठवडे हातात राहतात.